वडनेरचा फाल्गुन: पळसावर पाहुणे, रेतीवर अंडी

नागपूर-हैदराबाद महामार्गाने हिंगणघाट मागे टाकलं की वडनेर लागतं. पुढे पोहणा, मग वर्धा नदी. पलीकडचं वडकी यवतमाळ जिल्ह्यातलं. बहुतेक प्रवासी इथे चहापुरते थांबतात. फाल्गुनात मात्र दुर्बीण घेऊन उतरावं, असं हे गाव आहे.

वर्धा जिल्ह्यात पक्षी पाहायचे म्हटलं की सगळे उत्तरेला बोर धरणाकडे वळतात. ते बरोबरच आहे. बोर 1970 पासून अभयारण्य आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. पण दक्षिणेकडचा हा काळ्या मातीचा, कापसाचा पट्टा उगाच दुर्लक्षित राहतो.

पऱ्हाटी उपटून झाली की वावरं मोकळी होतात आणि धुऱ्यावरचा पळस फुलतो. सकाळी त्याच्याजवळ थोडा वेळ स्वस्थ उभं राहावं. भोरड्यांचा थवा कलकलाट करत उतरतो. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. फुलात चोच खुपसून मध पिताना कपाळाला पराग लागतो आणि त्यांच्यासोबतच तो पुढच्या झाडावर जातो. एप्रिलपर्यंत हे पाहुणे मध्य आशियाकडे निघतात. तिथे नाकतोडे खाऊ घालून पिल्लं वाढवतात. विदर्भातल्या तलावांवर हिवाळा काढणारे पट्टकादंब तर त्याआधीच हिमालय ओलांडायला निघालेले असतात.

पाहुणे निघतात तेव्हा इथल्या पक्ष्यांचा संसार सुरू होतो. तांबटाची टुकटुक दुपारभर चालते, वेडे राघू मातीच्या काठात बिळं कोरतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नदीतला रेतीचा दांडा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या अशा रेतीवर नदीसुरय, आर्ली, टिटवीसारखे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा. अंडी रेतीच्याच रंगाची, ठिपकेदार. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. ऊन चढलं की आई-बाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसतात. नदीसुरय आज जगभरातच संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे नदीपात्राची मोडतोड.

म्हणून वडनेर-पोहण्याच्या लोकांना विनंती: फेब्रुवारी ते मे या काळात रेतीच्या दांड्यांवर ट्रॅक्टर नेऊ नका, कुत्री मोकळी सोडू नका. पक्षी पाहायला येणाऱ्यांनीही काठावरूनच पाहावं, फोटोसाठी खळग्यापाशी जाऊ नये.