पित्ताच्या गोळीआधी ताटाकडे पाहा

जेवण झालं की छातीत जळजळ, करपट ढेकर आणि रात्री आडवं होताच घशाशी आंबट पाणी. ‘पित्त झालंय’ म्हणत मेडिकलमधून गोळी आणायची आणि वेळ मारून न्यायची, हे अनेक घरांत नेहमीचं झालं आहे. ‘नीट’च्या तयारीसाठी नांदेड-लातूरला खोली करून राहणारी मुलंही याला अपवाद नाहीत. सकाळी रिकाम्या पोटी चहा, मधल्या वेळी वडापाव, रात्री उशिरा जेवण आणि लगेच झोप. अशा दिनक्रमात सगळ्यात आधी कमी पडतात ते तंतुमय पदार्थ.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली किंवा पोटातला दाब वाढला की आम्ल वर येतं. जठराचं अस्तर हे आम्ल सोसतं, अन्ननलिकेचं सोसत नाही. म्हणून जळजळ होते. तंतुमय पदार्थांनी पोट साफ राहतं, शौचाला जोर करावा लागत नाही आणि पोटावरचा ताण कमी होतो. थोडक्या जेवणात पोट भरल्यासारखं वाटतं, वजनही आटोक्यात राहतं. पोटाचा घेर वाढला की ही झडप दाबाखाली येते, म्हणून वजनाचा मुद्दा महत्त्वाचा.

आहारात तंतू कमी असलेल्या रुग्णांवर मॉस्कोतील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना रोज तीन वेळा ५ ग्रॅम इसबगोल दिलं. १० दिवसांत जळजळ कमी झाली आणि झडपेचा दाबही सुधारला. मात्र अभ्यास जेमतेम ३० रुग्णांचा होता. तंतूंची मदत होते, पण तो सर्वांवरचा रामबाण इलाज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे १० ग्रॅम असतात. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमच्याही आत. म्हणजे दोन मोठ्या भाकरींतून दिवसाची जवळपास निम्मी गरज भागते. जोडीला वाटीभर हरभऱ्याची उसळ, एक पालेभाजी आणि पेरू असला की उरलेलीही भागते. पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा मात्र टाकू नये. येळवशीला लातूरकडे शेतात होणारी भज्जी म्हणजे पालेभाज्या आणि तूर, हरभरा, वाटाण्याचे ओले दाणे एकत्र शिजवलेलं तंतूंचं भांडारच. ते वर्षातून एकदाच खायचं, असं थोडंच आहे?

भाकरीसोबत तर्रीदार रस्सा, ठेचा आणि तळण असेल तर फायदा निघून जातो. तिखट-तेल बेतानं असावं. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि जळजळ उलट वाढते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत, कडधान्यं भिजवून नीट शिजवावीत, पाणी पुरेसं प्यावं. इसबगोल पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावं. गिळायला त्रास होत असेल तर घेऊच नये. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवावं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी, तंबाखू सोडावी. डॉक्टरांनी दिलेली औषधं मनानं बंद करू नयेत.

घास अडकणं, रक्ताची उलटी, काळी शौच, विनाकारण वजन घटणं किंवा आठवडेन् आठवडे गोळीशिवाय चैन न पडणं, यांतलं काहीही असेल तर तपासणी टाळू नये. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, सोबत घाम आणि धाप असेल, तर ‘पित्त’ म्हणून घरी थांबू नये. ते हृदयविकाराचं लक्षण असू शकतं. तातडीनं रुग्णालय गाठावं.