मिठाचा भाव आणि संशोधनाचे मोल

काशीगावाहून भाईंदरच्या खाडीकडे निघाले की जुन्या मिठागरांचा मुलूख लागतो. आगर पिकविणाऱ्या आगरी समाजाला ज्या मुलुखाने नाव दिले, त्या मुलुखात आता इमारतींची दाटी झाली आहे. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. या वस्तीतील एखाद्या पदवीधराने ‘मला मिठाच्या जुन्या भावांवर पीएच. डी. करावयाची आहे’ असे सांगितले, तर घरची माणसे कपाळाला हात लावतील. वस्तुतः असे संशोधन झालेले आहे. फक्त ते आपल्याकडे झालेले नाही.

ब्रिटिश अमदानीत आगगाडीने हिंदुस्थानचे भले झाले की बुरे, हा वाद दादाभाईंच्या काळापासून चालत आला आहे. डेव्ह डोनाल्डसन या अभ्यासकाने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉक्टरेट करताना त्याचा निवाडा मिठावरून करावयाचे ठरविले. सांभर सरोवराचे मीठ सांभरलाच होते, कोहाटच्या खाणीतले कोहाटलाच निघते. पण ते दूरदूरच्या बाजारांत आपापल्या नावाने विकले जाई. तेव्हा उगमाचा भाव आणि दूरच्या बाजारातला भाव यांतील तफावत म्हणजे मुख्यतः वाहतुकीचा व व्यापाराचा खर्च. रूळ आल्यावर ही तफावत किती घटली, हे त्याने सरकारी दरपत्रकांतून काढले. रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांत शेतीचे वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढले, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्या वाढीतले किती कुणबिणीच्या पदरात पडले, हा प्रश्न अर्थातच शिल्लक राहतो. परंतु वाद आता केवळ आवेशाने लढविता येणार नाही, एवढे नक्की.

संख्यात्मक आर्थिक इतिहास म्हणतात तो हाच. १९९३ साली रॉबर्ट फोगेल आणि डग्लस नॉर्थ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विद्येच्या नूतनीकरणासाठी. ही विद्या आपल्याला परकी आहे काय? एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या दादाभाई नौरोजींनी या देशाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाचा अंदाज वीस रुपयांवर आणून ठेवला आणि साम्राज्याच्या पुण्याईचा हिशेब मागितला. डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने १९२३ मध्ये लंडनची डी. एस्सी. मिळविली. धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक विकासावरील ग्रंथ १९२४ चा. त्याचा जन्म केंब्रिजच्या प्रबंधातच झाला. आकड्यांची ही वाट आपल्याच माणसांनी मळलेली आहे. पुढे तिच्यावर गवत वाढले, त्याला आपण जबाबदार आहोत.

साधनांची तर वाण नाही. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. काशीगावाहून तेथे लोकलने जाऊन सायंकाळी परत येता येते. अडचण वेगळीच आहे. रुमालातले जमाखर्च मोडीत आहेत, आणि मोडी वाचणाऱ्याला सांख्यिकी येत नाही. सांख्यिकी जाणणाऱ्याला मोडी येत नाही. इतिहासाचा विभाग समीकरण पाहून दचकतो, अर्थशास्त्राचा विभाग रुमाल पाहून. दोहोंच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला विद्यार्थी शेवटी एखादा सोपा विषय घेतो.

आकडा स्वयंभू सत्य नसतो, याचाही धडा महाराष्ट्रानेच दिला आहे. माल्थसचा शिष्य प्रिंगल याने १८३० च्या सुमारास दख्खनच्या जमिनींचे निव्वळ उत्पन्न शास्त्रीय सूत्राने मोजून सारा ठरविला. सूत्र रिकार्डोचे, पण नोंदी चुकीच्या व लाचलुचपतीने बरबटलेल्या. अखेर ती मोजणी टाकून देऊन १८३५ पासून विंगेट व गोल्डस्मिड यांना इंदापुरात नव्याने आरंभ करावा लागला. कोणत्या गावी पायली किती शेरांची, आगरात मीठ कोणत्या मापाने मोजीत, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती संगणक दिला, तरी प्रिंगलची चूक अधिक वेगाने घडेल, एवढेच. आणि ही मापे जाणणारी पिढी झपाट्याने सरत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी. ला किमान तीन वर्षे लागतात. सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची. त्यातली दोन वर्षे मोडी शिकण्यात आणि भावांची कोष्टके उतरविण्यात गेली, तर आजच्या व्यवस्थेत ती वाया गेली असे गणले जाते. ही दृष्टी बदलली पाहिजे. इतिहास व अर्थशास्त्र या दोन्ही विभागांचे मार्गदर्शक एका विद्यार्थ्याला मिळावेत. अनिवार्य अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत मोडी आणि सांख्यिकी या दोहोंना स्थान असावे. कष्टाने तयार केलेले विश्वसनीय कोष्टक हेच संशोधन मानून ते सर्वांना खुले करावे. यासाठी नवी इमारत किंवा नवे महामंडळ लागत नाही. दोन विभागांमधले एक दार उघडावे लागते.

आपल्या मिठाचा भाव काय होता, ते पिकविणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडले आणि सरकारने किती उचलले, हे प्रश्न काशीगावच्या मुलाने विचारावयाचे नाहीत, तर कोणी विचारावयाचे? तो पुढे आला, तर त्याला हसण्यापूर्वी आपण कोणाचे मीठ खाल्ले आहे, एवढे तरी आठवावे.