गाडीचं बीपी बघा, पण जपून!

डॉक्टर दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतात, रक्त काढून टेबलावर ठेवत नाहीत. टर्बो गाडीला फ्युएल प्रेशर गेज बसवताना हेच डोक्यात ठेवायचं. आकडा आत दिसू दे, पेट्रोल मात्र बाहेरच राहू दे!

मुळात हे गेज हवंच कशाला? माझ्या मित्राकडे जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे. 1.8 लिटर टर्बो, कंपनीतून निघताना 150 पीएस. पठ्ठ्याने रिमॅप करून बूस्ट वाढवलाय. अशा इंजिनात रेग्युलेटर इंधनाचं प्रेशर मॅनिफोल्डपेक्षा साधारण 3 बार जास्त ठेवतो. म्हणजे 1 बार बूस्ट आला की गेजवर 4 बार दिसायला हवेत. पंप थकला किंवा फिल्टर चोंदला, तर ऐन अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा चढायचा सोडून खाली येतो. इंजेक्टरला पेट्रोल कमी, मिक्स्चर लीन, मग नॉकिंग. पुढची पायरी म्हणजे वितळलेला पिस्टन! तेव्हा गेज ही काही नुसती शायनिंग नाही.

खरी गंमत पुढे आहे. एका गॅरेजमध्ये मित्राला सांगितलं गेलं, "साहेब, मेकॅनिकल गेज घ्या, स्वस्तात होईल. पाइप आत ओढून देतो." मी म्हटलं, "दादा, ह्याच्या गुडघ्याजवळ 4 बारचं पेट्रोल खेळवायचं?" दादा हसले. "अहो, सगळे असंच बसवतात!"

बसवत असतील, पण आपण नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 अंशांच्याही खाली असतो आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड. पाइपला बारीकशी चीर गेली, तर बंद काचांच्या गाडीत ती वाफ पायांशी साचणार. मग एखादी ठिणगी पुरे.

मार्ग तीन आहेत. पहिला, इलेक्ट्रिक गेज: सेन्सर बॉनेटखाली, आत येणार फक्त वायर. आम्ही हेच निवडलं. दुसरा, मेकॅनिकल गेजला आयसोलेटर: मधल्या पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला अँटीफ्रीझ. आत येतं ते अँटीफ्रीझ. तिसरा, गेजच विंडस्क्रीनच्या बाहेर, अमेरिकन ड्रॅग रेसिंगवाल्यांसारखं.

आता प्रत्यक्ष काम. जागा मोकळ्या हवेतली, इंजिन थंड, हाताशी एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर आणि सिगारेटवाल्या मित्रांना सुट्टी. फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं. तरीही जॉइंट उघडताना भोवती फडकं हवंच, कारण थोडं पेट्रोल उरतंच.

रेलच्या अलीकडे टी-जॉइंट टाकायचा. होज फ्युएल इंजेक्शनच्या प्रेशरसाठी बनवलेलाच हवा, पाण्याचा पाइप अजिबात नको. पितळी सेन्सर जड असतो. तो थेट रेलवर लटकवला तर इंजिनच्या थरथरीने थ्रेड तडकू शकतो. म्हणून छोट्या ब्रेडेड होजने तो बॉडीवर घट्ट बसवायचा, एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब. वायर फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट आणि गेजच्या सप्लायला स्वतंत्र फ्यूज.

शेवटची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. बॅटरी आणि पंपाचा फ्यूज परत लावायचा. इंजिन सुरू न करता चावी ऑन करायची, पंपाला प्रेशर भरू द्यायचं आणि टॉर्च घेऊन एकेक जॉइंट तपासायचा. मग आयडलवर तेच. एक चक्कर मारून गाडी गार झाल्यावर पुन्हा तेच. ओल दिसली किंवा वास आला, तर चावी बंद. "नंतर बघू" चालणार नाही.

आणि हो, नव्या टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांच्या मालकांनो, हाय प्रेशर लाइनला हात लावू नका. तिथे 100 बारच्या वरचा मामला असतो आणि तो फवारा कातडी भेदून आत जातो. ते काम कंपनीचा सेन्सर आणि ओबीडी स्कॅनर करतात.

हे सगळं स्वतः करायचा आत्मविश्वास नसेल तर खुशाल गॅरेजमध्ये द्या. फक्त एक प्रश्न विचारा, "फायरवॉलमधून आत काय येणार?" उत्तर "वायर" असेल तर चावी द्या. "पाइप" असेल, तर त्यात काय भरलेलं असणार तेही विचारा. पेट्रोल म्हणाले, तर चहा पिऊन निघा!