ट्रेसची किंमत नेमकी कुठे मोजली जाते?

एफट्रेस हाताशी आला की पहिल्या दिवशी सगळे तेच करतात. करंट_ट्रेसरमध्ये 'फंक्शन' लिहायचं, ट्रेस_पाइपवर कॅट चालवायचं आणि टर्मिनलवरचा धबधबा बघत बसायचं. मीही तेच केलं, तेही एसएसएचवरून. आठवडाभर मला वाटत होतं की मी फाइल-लेखनाचा अभ्यास करतेय. प्रत्यक्षात स्क्रीनवर येणारी प्रत्येक ओळ पाठवायला कर्नल टीटीवाय आणि टीसीपीची फंक्शन्स चालवत होता, आणि तीही ट्रेसमध्ये येत होती. म्हणजे मी माझंच आउटपुट मोजत होते!

एफट्रेस २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ मध्ये आला. नोंद करणं त्यात मुळात स्वस्त आहे. ६४-बिट मशीनवर फंक्शन ट्रेसरची साधी नोंद साधारण २८ बाइटची असते: फंक्शनचा पत्ता, बोलावणाऱ्याचा पत्ता, पीआयडी, वेळेतला फरक. ती त्या-त्या सीपीयूच्या रिंग बफरमध्ये जाते. महाग पडतं ते पुढचं: पत्त्याचं नाव शोधा, ऐंशीएक अक्षरांची ओळ बनवा, ती बाहेर पाठवा. १,१५,२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर अशा एका ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हजारो फंक्शन्स होऊन जातात.

म्हणून बाहेर काढायचं ते कच्चं. ट्रेस-सीएमडी रेकॉर्ड प्रत्येक सीपीयूच्या ट्रेस_पाइप_रॉमधून बायनरी पानं स्प्लाइसने फाइलमध्ये टाकतं. नावं, ओळी वगैरे नंतर रिपोर्टच्या वेळी. संभाजीनगरकरांना हे वेगळं सांगायला नको: नळाला पाणी आलं की आधी टाकी भरून घ्यायची, वापर सवडीने. फरक एवढाच की टाकी भरली की नवं पाणी सांडतं, इथे मूळ सेटिंगमध्ये जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि तेही गुपचूप. प्रत्येक सीपीयूच्या स्टॅट्स फाइलमधला ओव्हररन शून्य आहे का, ते आधी बघा. बफर वाढवताना बफर_साइझ_केबीतला आकडा दर सीपीयूमागे असतो हेही लक्षात ठेवा, नाहीतर १६ सीपीयूंच्या मशीनवर मेमरी कुठे गेली ते शोधत बसाल.

त्याहून बरं म्हणजे नको ती नोंद होऊच न देणं. इथे एक बारकावा बऱ्याच जणांचा सुटतो. सेट_एफट्रेस_फिल्टरने वगळलेल्या फंक्शनच्या सुरुवातीला नुसता नो-ऑप राहतो. सेट_एफट्रेस_पीआयडीत मात्र हुक चालतोच, पीआयडी तपासतो आणि मग नोंद सोडून देतो. आउटपुट कमी होतं, हुकचा खर्च राहतो. फंक्शन_ग्राफ तर एका कॉलच्या दोन नोंदी करतो, आत जाताना एक आणि परतताना एक. किती वेळा आणि किती वेळ एवढंच हवं असेल तर फंक्शन_प्रोफाइल_एनेबल्ड चालू करा; तो कर्नलमध्येच बेरीज ठेवतो.

आता तुमच्या मशीनवर एकच लोड तीनदा चालवा: ट्रेसर 'नॉप' ठेवून, मग 'फंक्शन' लावून पण ट्रेसिंग_ऑन ० ठेवून, मग १ करून. पहिल्या दोन वेळांतला फरक हुकचा, नंतरच्या दोनांतला बफरमध्ये लिहिण्याचा. तिसऱ्या वेळी ट्रेस_पाइप उघडू नका.