पुलावर बसलेलं गाव

सोमिएरशी माझी पहिली ओळख झाली ती एका डब्यावरून. मोंपेलिएत नवी होते तेव्हा. मिसळीची तर्री पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडली, आणि टेबलक्लॉथ घरमालकीणबाईंचा. बाई रागावल्या नाहीत. कपाटातून डबा काढून त्यांनी मूठभर मातकट भुकटी डागावर पसरली आणि म्हणाल्या, ‘‘आता सकाळपर्यंत हात लावू नका.’’ सकाळी ब्रशने झटकलं, तर तेल गायब आणि हळद जागच्या जागी. डब्यावर लिहिलं होतं, ‘तेर द सोमिएर’. म्हणजे सोमिएरची माती. ही चिकणमाती तेल शोषून घेते, रंगाशी तिला काही देणंघेणं नाही. फ्रान्सभर ती दुकानांत मिळते. त्या नावाचं गावही असेल आणि पुढे आपण तिथलेच भाडेकरू होऊ, असं तेव्हा ध्यानीमनी नव्हतं.

आलो ते भाड्यासाठीच, उगाच रोमान्स नको. मोंपेलिए झपाट्याने वाढतंय, तिथे दोन खोल्यांना जे मोजायचो त्यात इथे वर गच्चीही मिळाली. सोमिएर दक्षिण फ्रान्सच्या गार जिल्ह्यातलं, विदूर्ल नदीकाठचं, पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. पूर्वेला नीम, नैर्ऋत्येला मोंपेलिए, दोन्ही तीसेक किलोमीटरवर. त्यामुळे गावची निम्मी माणसं सकाळी एका दिशेला जातात, निम्मी दुसऱ्या. अशा गावांना फ्रेंच लोक ‘सिते-दोर्त्वार’ म्हणतात, म्हणजे झोपायचं गाव. मी बदलापूरची. मला या शब्दाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

पण फरक आहे. बदलापूरला माझ्या बाबांची अर्धी मित्रमंडळी सकाळच्या लोकलमध्ये जमलेली. वाढदिवस डब्यात, भजन डब्यात, मुलींची स्थळंसुद्धा डब्यात. इथे गावाला रेल्वेच नाही. एकेकाळी होती. प्रवासी गाड्या बंद झाल्या, रूळ निघाले, आणि नीमच्या दिशेला कावेराकपर्यंतचा तो मार्ग आता सायकलींसाठी आहे. द्राक्षमळे, झुडपांची माळरानं, मधूनच जुनं स्टेशन. रविवारी फार सुंदर दिसतं. सोमवारी सकाळी मोटारींच्या रांगेत उभी असताना त्याच मार्गाची आठवण येते आणि चिडचिड होते. बस आहे, पण प्रयोगशाळेतलं माझं काम कधी सहाला संपतं, कधी आठला. जवळचं रेल्वे स्टेशन लुनेलला, तिथपर्यंत जायलाही पुन्हा मोटारच. बदलापूरला गाडीने माणसं जोडली, इथे गाडीने प्रत्येकाला एकेकटं बसवलं.

त्यात जिल्ह्याची हद्द गावाला खेटून. दक्षिणेचं ब्वास्रों गाव लागलं की एरो जिल्हा सुरू. मोंपेलिए महानगराने डिसेंबर २०२३पासून आपल्या रहिवाशांना ट्राम-बस फुकट केली. रोज तिथे राबायला जाणारे आम्ही मात्र हद्दीबाहेरचे, आमचं तिकीट चुकत नाही. ऑफिसात हा विषय निघाला की मी कॉफी आणायला उठते.

पहिलं वर्षभर मी गावात राहत होते म्हणजे झोपत होते. रोज ज्या रस्त्याने पाव आणायला जायचे तो रस्ता म्हणजे पूल आहे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं!

ते मला दाखवलं शेजारच्या मादामनी. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आणि इतक्या वर्षांनंतरही आमचं एकमेकींना ‘अहो-जाहो’च. सम्राट टायबेरियसच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमनांनी विदूर्लवर दगडी पूल बांधला. लांबी दोनशे मीटरच्या जवळपास. नदी एरवी पोटरीभर पाण्याची, मग एवढा लांब पूल कशाला? रोमनांनी नदी उन्हाळ्यात नव्हे, पुरात मोजली होती. मध्ययुगात लोकांना पुलाखालची ती कोरडी जागा वाया चाललीय असं वाटलं असावं. त्यांनी कमानींना टेकून, कमानींवर, कमानींच्या मध्ये घरं बांधली. आज पाण्यावर सात कमानी दिसतात. बाकीच्या गावाच्या पोटात आहेत, कुणाच्या तळघरात, कुणाच्या दुकानामागे. पुलावरच सतराव्या शतकातला घड्याळाचा मनोरा उभा आहे. त्याच्याखालून गेलात की तुम्हाला वाटतं पूल संपला. संपलेला नसतो.

पुलाच्या रस्त्यावरून पायऱ्या उतरलं की खालचा बाजारचौक लागतो. चौकाच्या कडेने दगडी कमानींचे ओटे, वर घरं. चौकाचं नाव ‘डॉक्टर डाक्स चौक’, आणि ते अनेकवचनी आहे, कारण डाक्स दोन. मार्क डाक्स हे इथले वैद्य. उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णांची वाचा जाते, म्हणजे बोलण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, असा निष्कर्ष त्यांनी १८३६च्या एका टिपणात मांडला होता. ते टिपण घरातच राहिलं. मुलगा गुस्ताव, तोही डॉक्टर, त्याने ते १८६३मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे धाडलं आणि १८६५मध्ये ते छापून आलं. त्याच वर्षी पॉल ब्रोका यांचा डाव्या मेंदूबद्दलचा निबंधही आला. जगाने नाव ब्रोकांचं लक्षात ठेवलं, सोमिएरने चौकाला पाटी लावली. त्या पाटीखाली शनिवारी बकरीच्या चीजच्या चकत्या, सेवेन डोंगरातले गोडसर कांदे आणि खारवलेल्या कॉड माशाचं नीमचं ब्रांदाद विकायला असतं. आठवडाभर एकमेकांना न दिसलेली माणसं शनिवारीच भेटतात. आमची लोकल म्हणाल तर ती हीच.

भारतात जन्मलेला एक माणूस माझ्याआधी इथे राहून गेलाय. कादंबरीकार लॉरेन्स डरेल, जन्म जालंधरचा, १९१२चा. १९५७मध्ये तो या गावात आला, मधली काही वर्षं जवळपासच काढून परतला आणि १९९०मध्ये इथेच वारला. मादामना त्याची पुस्तकं आठवत नाहीत. ‘‘पण वाइन छान ओळखायचा,’’ म्हणाल्या. गावात बैलांचे खेळही होतात. बैलाच्या शिंगाला बांधलेल्या दोऱ्या-गोंडे पळवायचे, बैलाला मारायचं नाही, आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरांत नाव बैलाचं. पोळ्याच्या मुलखातून आल्यामुळे मला ते एकदम पटलं.

पण या गावाचा खरा मालक नदी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो. दक्षिणेचा वारा त्याची वाफ घेऊन येतो, सेवेनच्या डोंगरांना धडकतो, आणि एकाच दिवसात महिन्यांचा पाऊस ओततो. सह्याद्रीत वाढलेल्याला यात नवल नाही. नवल वेगाचं आहे. विदूर्ल जेमतेम शंभर किलोमीटरचीही नाही, डोंगरातलं पाणी काही तासांत दारात. त्या पुराला इथल्यांनी नदीच्याच नावावरून शब्द केलाय, ‘विदूर्लाद’. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या खोऱ्यात तीन धरणं झाली, ती पुराची शेंडी छाटतात. तरी ८-९ सप्टेंबर २००२ला सेकंदाला दोन हजार घनमीटरहून जास्त पाणी आलं आणि खालच्या चौकात पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढलं.

मादामच्या तळमजल्यावर एक सायकल, एक मोडकी खुर्ची आणि दगडी फरशी एवढंच. मी विचारलं, ‘‘एवढी जागा रिकामी?’’

‘‘रिकामी कुठे? ती विदूर्लची खोली.’’

पूररेषेमुळे खाली नवी घरं बांधायला आता कडक मर्यादा आहेत. म्हणून नव्या कॉलन्या टेकड्यांवर झाल्या, अंगणवाल्या, गावापासून तुटलेल्या. तिथल्या लोकांना नदी दिसत नाही, चौकही फारसा लागत नाही. मोटारीत बसले की थेट हायपरमार्केट. खाली दुकानांची शटर एकेक करून ओढली जातायत. पूर टाळायला हवा हे खरं, पण टेकडीवर गेलेल्यांचं सोमिएर वेगळंच झालंय, असं मला वाटतं.

गेल्या शरदात हवामान खात्याचा नारिंगी इशारा होता. मी मोंपेलिएहून रात्री परतले, नदीकाठच्या पार्किंगमध्ये एकही मोटार नव्हती. पुलावर पन्नासेक माणसं कठड्याला टेकून उभी. गळ्यात ऑफिसचे पास, हातात लॅपटॉपच्या बॅगा, आणि खाली गढूळ पाणी झाडांचे ओंडके घेऊन धावतंय. रोज सिग्नलला माझ्या पुढे दिसणाऱ्या निळ्या मोटारीचा मालक शेजारीच निघाला. आमची ओळख झाली. तो म्हणाला, अजून एक मीटर आहे. दुसऱ्या कुणी म्हणालं, दीड.

मादाम खिडकीतून ओरडल्या, ‘‘मोटार वर लावलीत ना?’’

लावली होती. तांदळाचं पोतं मात्र खालीच होतं. निळ्या मोटारवाल्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही जिना चढलो.