फेरीवाला हटवायचा की फुटपाथ मोकळा करायचा? कायदा काय सांगतो आणि आपण काय मागायला हवं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात हे चित्र ओळखीचं आहे. महापालिकेच्या अतिक्रमण विभागाची गाडी येते, बाजारात पळापळ होते. कुणाचा गाडा उचलला जातो, कुणाची पाटी, कुणाचा वजनकाटा. दोन दिवस रस्ता मोकळा दिसतो, तिसऱ्या दिवशी सगळे परत. मग घरात, चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर तोच वाद सुरू होतो. एक म्हणतो, "गरिबाच्या पोटावर पाय का देता?" दुसरा म्हणतो, "मग आम्ही चालायचं कुठून?"

मला दोन्ही प्रश्न खरे वाटतात. माझ्या वर्गात भाजीवाल्याची, चणेवाल्याची, जुने कपडे विकणाऱ्यांची मुलं बसतात. तीच मुलं शाळा सुटल्यावर फुटपाथ नाही म्हणून रिक्षा आणि बाईकच्या मधून वाट काढत घरी जातात. म्हणजे एकाच घरातल्या अब्बांचा हक आणि मुलाचा हक एकमेकांसमोर उभा राहतो. अशा वेळी भावनेपेक्षा कायदा आणि नियम नीट माहीत असणं जास्त कामाचं. तेवढंच इथे सोप्या भाषेत मांडते, आणि एक शहरवासी म्हणून माझं मतही सांगते.

चालणाऱ्याचा हक

फुटपाथ ही पालिकेने केलेली मेहेरबानी नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पादचाऱ्यांना चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अपंग व्यक्तींनाही तो वापरता आला पाहिजे आणि त्यावरची अतिक्रमणं हटवली पाहिजेत, असंही न्यायालयाने म्हटलं.

किती रुंद फुटपाथ हवा, याचंही माप ठरलेलं आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट, जागा अडथळ्याशिवाय मोकळी हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जातील एवढी. आता आपल्या मोहल्ल्यातला फुटपाथ डोळ्यासमोर आणा. सहा फूट सोडा, तीन फूट तरी सलग मिळतात का?

पण ती जागा खाल्ली कुणी, हेही इमानदारीने पाहायला हवं. फक्त फेरीवाल्याने नाही. दुकानदाराने बाहेर काढलेलं काउंटर आहे, फुटपाथवर चढवलेल्या मोटारसायकली आहेत, विजेचा डीपी आहे, जाहिरातीचा खांब आहे, महिनोन्महिने पडलेली बांधकामाची खडी आहे. कारवाईची गाडी आली की मात्र सगळ्यात आधी उचललं जातं ते चाकं असलेलं सामान, कारण ते उचलायला सोपं असतं. चारचाकीला फार तर दंडाची पावती, गाड्याला जप्ती. हा फरक लोकांना दिसतो, आणि म्हणूनच कारवाईवर त्यांचा विश्वास बसत नाही.

विकणाऱ्याचा हक

रस्त्यावर माल विकणं हा गुन्हा आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की रस्त्यावर व्यवसाय करणं हा कलम १९(१)(जी) खालचा हक आहे. मात्र त्यावर वाजवी बंधनं घालता येतात आणि अमुकच जागा मला हवी असा दावा कुणालाही करता येत नाही. थोडक्यात, धंद्याचा हक आहे, पण जागा नियमाने ठरेल.

ते नियम ठरवण्यासाठी संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा केला. त्याच वर्षी १ मे पासून तो लागू झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

• प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी. अध्यक्ष महापालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी. किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अपंग यांच्याबरोबर अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यायचं, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

• दर पाच वर्षांनी किमान एकदा सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्या कुणालाही उठवायचं नाही.

• वॉर्ड, झोन किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं.

• जागा बदलायची असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यायची.

• ५० वर्षांपेक्षा जास्त काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही.

विक्रेत्यावरही जबाबदारी आहे. वय १४ पेक्षा जास्त हवं. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा आणि उपजीविकेचं दुसरं साधन नसावं. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही. जागा स्वच्छ ठेवायची. काही लोक चार-चार गाडे भाड्याने लावतात आणि स्वतः घरी बसून रोजचे पैसे घेतात. कायदा त्यांच्यासाठी नाही, आणि आपणही त्यांची बाजू घेण्याची गरज नाही.

मग अडतं कुठे?

अडतं अंमलबजावणीत. मुंबईचंच उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. अडीच टक्के म्हणजे तीन लाखांहून जास्त विक्रेते सामावता येतील. २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीनंतर सुरुवातीला पात्र ठरले सुमारे १५ हजार. समितीची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला आणि मतदार यादीत होते सुमारे ३२ हजार. कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी ही स्थिती.

इतके लोक गळाले त्यामागचं एक मोठं कारण कागदपत्रं. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्राची अट आहे, म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा. भाड्याच्या खोलीत राहणारा, दर अकरा महिन्यांनी घर बदलणारा माणूस तो कुठून आणणार? आपल्या वस्त्यांमध्ये तर तिशीचाळिशीतल्या कितीतरी लोकांकडे शाळा सोडल्याचा दाखलाही धड नसतो. नावात एका अक्षराचा फरक, आधारवर एक जन्मतारीख आणि रेशनकार्डावर दुसरी. शिक्षिका म्हणून हे दाखले मी रोज पाहते, म्हणून सांगते: घरातल्या सगळ्यांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी करून घ्या. हे काम आज कंटाळवाणं वाटतं, पण सर्वेक्षणाच्या दिवशी तेच निर्णायक ठरतं.

दुसरी अडचण अशी की विचारायचं कुणाला, हेच लोकांना कळत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. इतर अनेक शहरांतही तेच झालं. नगरसेवक नसला की मोहल्ल्यातली तक्रार वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर अडकते.

तिसरी अडचण, हप्ता. त्याची पावती कधीच नसते. प्रमाणपत्र दिलं तर विक्रेता पालिकेला रीतसर फी भरेल आणि तो पैसा शहराच्या खजिन्यात जाईल. प्रमाणपत्र नाही म्हणून तो लपून बसतो, आणि लपून बसणाऱ्याकडून कुणीही पैसे घेऊ शकतं. म्हणून सर्वेक्षण रखडण्याचं नुकसान फेरीवाल्याइतकंच करदात्याचंही आहे.

शाळा, मशीद, स्टेशन: अंतराचा नियम

मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरं ठरवून दिली: रेल्वे स्टेशन आणि मंडईपासून १५० मीटर, तर शाळा-कॉलेज, हॉस्पिटल आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाला नको. प्रार्थनास्थळाबाहेर भाविकांना लागणाऱ्या वस्तू, जसं फुलं, विकणाऱ्यांना त्यात सूट ठेवली होती. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अंतरं पाळण्यावर पुन्हा भर दिला.

स्टेशनच्या जिन्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गर्दीत जीव जातो तिथे धंदा नकोच. शाळेच्या फाटकाबद्दलही तेच. पण दाट वस्तीत प्रत्येक शंभर मीटरवर काही ना काही असतंच. शाळा, दवाखाना, मशीद, मंदिर यांच्याभोवती वर्तुळं काढली तर जुन्या शहरात उरतं काय? म्हणून नकाशा समोर ठेवून समितीने गल्लीगल्लीचा निर्णय घ्यायला हवा. वेळेची वाटणी हाही एक मार्ग आहे. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास फाटक मोकळं, संध्याकाळी सातनंतर त्याच जागी बाजार. कायद्यात वेळेनुसार जागा वाटण्याची सोय आहे.

रमजानचा बाजार

आपल्या शहरांत हा प्रश्न सगळ्यात जास्त उठतो तो रमजानमध्ये. मुंबईची मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशिदीची गल्ली सगळ्यांना माहीत आहे, पण असा बाजार छोटामोठा सगळीकडे भरतो. इफ्तारपासून सेहरीपर्यंत फळं, खजूर, मालपुवा, चप्पल, बांगड्या. कित्येक घरांची वर्षभराची उधारी या एका महिन्यात फिटते. आणि याच गल्लीत रात्री दहाला ॲम्ब्युलन्स अडकली तर जबाबदार कोण?

रमजानची तारीख आधीच माहीत असते. मग दरवर्षी पहिल्या रोज्याला गोंधळ का व्हावा? बाजार समिती, मशिदीचे ट्रस्टी, ट्रॅफिक पोलीस आणि वॉर्ड ऑफिस यांनी महिनाभर आधी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडसाठी मोकळी ठेवायची पट्टी, बाईक लावायची जागा, कचरा उचलायची वेळ. रस्त्यावर पांढरी रेघ मारा आणि रेघेच्या आत गाडा ठेवा. रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणं हासुद्धा सदका आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. बाजारात तेच आपल्यालाही लागू होतं.

गाडा उचलला तर

गेल्या वर्षी एका पालकांची फळांची गाडी उचलली गेली. सामानाची यादी मिळाली नाही, कुठे नेलं ते सांगितलं नाही. चार दिवसांनी गाडी सुटली तेव्हा फळं सडली होती, आणि त्या आठवड्यात मुलगी शाळेच्या सहलीला आली नाही. हे सगळं टळू शकतं, कारण कायद्यात साफ लिहिलेलं आहे:

१. जप्त केलेल्या सामानाची सही केलेली यादी अधिकाऱ्याने द्यायलाच हवी. तिथेच मागा, आवाज न चढवता.

२. मागणी करून फी भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकी माल दोन कामाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे.

३. नियमभंगाचा दंड २,००० रुपयांपर्यंत आहे. पैसे भरलेत तर पावती घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

४. तक्रारीसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असावी, असं कायदा म्हणतो. आपल्या शहरात ती आहे का, हे माहिती अधिकारात विचारा.

एक गैरसमजही दूर करते. जून २०२० पासून सुरू असलेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना बिनतारण कर्ज मिळतं. सुरुवातीला पहिला हप्ता १० हजारांचा होता. २०२५ मधल्या बदलानंतर पहिला १५ हजार, तो वेळेवर फेडला की २५ हजार, आणि मग ५० हजार. वेळेवर परतफेड केली तर ७ टक्के व्याज सवलत आहे. खाजगी सावकाराच्या रोजच्या वसुलीपेक्षा हे कितीतरी बरं. ज्यांना व्याजाबद्दल दीनी शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. पण लक्षात ठेवा, हे कर्ज किंवा त्यासाठी पालिकेने दिलेलं शिफारसपत्र म्हणजे विक्री प्रमाणपत्र नव्हे. त्याच्या जोरावर जागेचा हक मिळत नाही.

आपण काय मागावं

"फेरीवाले हटवा" ही मागणी अर्धवट आहे, आणि "गरिबांना त्रास देऊ नका" हीसुद्धा. माझ्या मते मोहल्ल्याने एका अर्जावर चार गोष्टी लिहून मागाव्यात. आमच्या वॉर्डातलं सर्वेक्षण कधी झालं आणि पुढचं कधी? समितीत आमच्या भागातून कोण आहे आणि बैठकींचं इतिवृत्त कुठे मिळेल? चालण्यासाठी सहा फूट मोकळी पट्टी कोणत्या रस्त्यावर, कधीपर्यंत? आणि दुकानाचं वाढवलेलं काउंटर, फुटपाथवरच्या गाड्या यांच्यावरही तीच कारवाई होणार का?

या अर्जावर भाजीवाल्या चाचांची सही असावी, आणि व्हीलचेअरवरच्या त्यांच्या शेजाऱ्याचीही. दोघांच्या सह्या एकत्र आल्या तर वॉर्ड ऑफिसला त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करता येणार नाही. आणि आपण ग्राहक म्हणून एवढं तरी आजपासून करू शकतो: भाजी घेताना बाईक रस्त्याच्या मधोमध थांबवायची नाही. बाजारातली निम्मी कोंडी त्यानेच होते.