ई-पीक पाहणी आणि ‘अपडेट करा’

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात शेतकऱ्याने भातखाचरात उभे राहून पीक नोंदविण्यासाठी मोबाईल उघडावा आणि ‘ॲप अपडेट करा’ ही सूचना आडवी यावी, हा अनुभव वैताग आणणारा होय. डोंगराआड रेंज तुटते. पाहणीची मुदत मात्र थांबत नाही.

ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तलाठ्याने करावयाची नोंद शेतकरी स्वतः, अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेऊन करू लागला. ती सातबाऱ्यावर येते आणि पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या प्रसंगी पाहिली जाते.

ॲप हे अर्धेच यंत्र. उरलेले अर्धे दूरच्या संगणकावर असते. तेथे नियम बदलले की जुने ॲप त्याच्याशी जुळत नाही. चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली, ती अशाच बदलातून. मोबाईलच्या मूळ प्रणालीची सूचना निराळी. ती बहुधा सुरक्षेतील उणिवा बुजविण्यासाठी असते, आकाराने मोठी असते आणि घरी सवडीने घेता येते. दोन्ही सूचना सारख्याच भासत असल्याने ‘नंतर’ हे बटण सवयीने दाबले जाते.

नवी आवृत्ती हंगामापूर्वीच हाती यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. तूर्त, बाजाराच्या दिवशी जुन्नर वा घोडेगाव येथे रेंज असताना ॲप अपडेट करून मगच शेतावर जाणे सोयीचे. अपडेट प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. संदेशातून आलेल्या दुव्यावरून कदापि नव्हे.